काटापट्टी, खातेवही आणि संगणक

विद्यालयातून बाहेर पडून अमरावतीस बी. कॉम. अथवा बी. सी. ए.च्या वर्गात गेलेली आमची मुले दिवाळीच्या सुट्टीत भेटावयास येतात, तेव्हा एका विषयाविषयी हमखास तक्रार करतात. त्याचे नाव 'बिझनेस इन्फर्मेशन सिस्टिम्स', म्हणजेच व्यवसाय माहिती प्रणाली. पुस्तकातील उदाहरणे विमान कंपन्यांची आणि परदेशी दुकानांच्या साखळ्यांची. ज्याने विमान फक्त वावरात उभे राहून वर पाहिले, त्याला त्याच्या तिकीटनोंदणीवरून काय उमगणार? आम्ही जन्मभर इतिहास शिकविला आणि संगणकाला हात लावला तो चाळिशी उलटल्यावर. तथापि हा विषय आम्हांस परका वाटला नाही. इतिहासाचा अभ्यासकही अखेर नोंदींवरच जगतो.

या विषयाची पहिली पायरी म्हणजे डेटा आणि माहिती यांतील भेद. तो समजण्यासाठी कौंडण्यपूर सोडून दूर जाण्याचे कारण नाही. वर्धा नदीच्या काठच्या आपल्या या गावी मोरेश्वर दीक्षित यांनी उत्खनन केले आणि त्याचा अहवाल 1968 साली प्रसिद्ध झाला. नांगराच्या फाळाला लागलेली खापरी मुले कधीकधी आम्हांला आणून देतात. ती खापरी खरीच असते, पण मुकी असते. उत्खनन करणारा मात्र तीच वस्तू कोणत्या खड्ड्यात, कोणत्या थरात, कशाच्या शेजारी मिळाली हे लिहून ठेवतो आणि मग ती काळाविषयी बोलू लागते. सुटी खापरी म्हणजे डेटा. थर, स्थान आणि संदर्भ यांच्यासह वाचलेली खापरी म्हणजे माहिती. संगणकशास्त्राच्या पुस्तकात यापेक्षा निराळे काही सांगितलेले नाही.

आता कापसाच्या काट्यावर येऊ. समजा, भरलेल्या गाडीचे वजन 32.60 क्विंटल भरले आणि कापूस उतरवून रिकामी गाडी पुन्हा काट्यावर चढविली तेव्हा ते 18.20 क्विंटल आले. वजाबाकीने कापूस 14.40 क्विंटल ठरला. भाव 7,200 रुपये असेल, तर 1,03,680 रुपये झाले. त्यातून हमाली, तोलाई वजा जाता हाती येणारी रक्कम पट्टीवर लिहिली जाते. दोन वजने व भाव हे 'इनपुट', वजाबाकी-गुणाकार ही 'प्रक्रिया' आणि कास्तकाराच्या हाती आलेली पट्टी हे 'आउटपुट'. अशा एका व्यवहाराची पूर्ण व पडताळता येईल अशी नोंद करणाऱ्या व्यवस्थेस व्यवहार प्रक्रिया प्रणाली म्हणतात. तिच्यात संगणक असलाच पाहिजे असे नाही. मापारी, त्याने पाळावयाचे नियम, काटा आणि वही एवढ्यावर ती कित्येक दशके चालली. संगणकाने गती आणली, आणि वहीतली चूकही त्याच गतीने पुढे नेली.

दिवसभराच्या शेकडो पट्ट्या एकत्र केल्या की दुसरी पायरी येते. कोणत्या दिवशी किती आवक झाली, कोणत्या गावचा कापूस किती ओला आला, जिनिंगमध्ये किती माल पडून आहे हे ज्याला एका कागदावर दिसते, तो उद्या किती खरेदी करावयाची हे ठरवू शकतो. ही व्यवस्थापन माहिती प्रणाली. आमच्या वसतिगृहाच्या कोठीची वहीही तीच. तूरडाळ अमुक किलोच्या खाली गेली की मागणी नोंदवावी, असा नियम आमच्या जुन्या कोठीप्रमुखांनी संगणकाचे नावही ऐकले नव्हते तेव्हा घालून दिला होता. निर्णयाचा परिणाम पुन्हा नोंदीत उतरतो आणि पुढचा निर्णय सुधारतो. यास प्रत्याभरण म्हणतात. शब्द जड आहे, परंतु परीक्षेत विचारतात.

पुस्तके येथून पुढे सर्व्हर, नेटवर्क यांकडे वळतात. आम्हांस मात्र त्यापूर्वीचा एक प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो: नोंद कोणाच्या हातात आहे आणि ती वाचता कोणाला येते?

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर चालून गेले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदलेल्या या उठावात जमावाचा मुख्य रोख माणसांवर नव्हता. कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या हिसकावून त्या जाळण्यावर होता. ज्याला वाचता येत नव्हते त्यालाही आपले दैन्य कोठे साठविले आहे हे पक्के ठाऊक होते. 1879 च्या दख्खन कृषक कायद्याने रोखे गावच्या निबंधकासमोर लिहिले जावेत अशी तरतूद केली. नोंद एका पक्षाच्या हातून काढून तिसऱ्याच्या समोर ठेवावी, हा त्यामागील विचार. आजच्या भाषेत यास 'नियंत्रण' व 'लेखापरीक्षण' म्हणतील.

आपल्या वऱ्हाडात हाच प्रश्न कापसाच्या भावातून उभा राहिला. 1870 च्या मार्चमध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी खामगावची रेल्वे सुरू केली आणि त्याच वर्षी समुद्राखालच्या तारेने मुंबई इंग्लंडशी जोडली गेली. लिव्हरपूलचा भाव पूर्वी टपालाच्या बोटीने येई, तो आता तारेने येऊ लागला. पण तो येई व्यापाऱ्याच्या पेढीवर. बैलगाडी घेऊन आलेल्या कास्तकाराला तो सांगावयास कोणी बांधलेले नव्हते. देशातील अनेक बाजारांत तर अडत्या व खरेदीदार रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवीत आणि मालाचा धनी शेजारी उभा राहून नुसता रुमालाची हालचाल पाही. यास हत्ता पद्धत म्हणत. अशा स्थितीत 1886 साली कारंजा येथे हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार स्थापन झाला आणि 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. दलाल व मापारी यांना परवाने आवश्यक झाले, बाजारावर समिती आली. समितीवर वर्चस्व व्यापाऱ्यांचेच राहिले, हे विसरून चालणार नाही. तरीही बाजाराला लेखी नियम लाभले, ही गोष्ट लहान नव्हे. आज उघडा लिलाव संगणकाच्या पडद्यावर नेणारा 'ई-नाम' हा राष्ट्रीय कृषी बाजार 14 एप्रिल 2016 रोजी सुरू झाला. ही तारीख आमच्या वाचकांस वेगळी सांगावयास नको.

परंतु पडदा उघडा असला म्हणजे नोंद सर्वांना वाचता येतेच असे नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या एका पालकांनी हमीभावाने कापूस विकला. पट्टी बिनचूक होती, सातबाऱ्यावर पीकपेरा होता. पैसे मात्र येईनात. पासबुक घेऊन ते तीनदा एका बँकेत गेले. 'तुमचे पैसे जमा झाले आहेत,' असे एकदा सांगण्यात आले. 'येथे काही आले नाही,' असे दोनदा. दोन्ही उत्तरे खरी होती. त्यांनी पूर्वी कधीतरी, कोणाच्या तरी सांगण्यावरून, दुसऱ्या बँकेत खाते उघडले होते आणि आधार क्रमांक शेवटी त्या खात्याला जोडला गेला होता. आधारवर आधारित रक्कम शेवटी जोडलेल्या खात्यात जाते, पासबुकातल्या खात्यात नव्हे.

संगणकशास्त्रात यास 'की' म्हणतात, म्हणजे एका तक्त्यातील नोंद दुसऱ्या तक्त्यातील नोंदीशी जुळविणारा क्रमांक. नावे सारखी असू शकतात, आडनावाचे स्पेलिंग दहा प्रकारे होते, म्हणून क्रमांक लागतो. यंत्राने आपला नियम तंतोतंत पाळला होता. चूक शोधावयाची झाली, तर ती नियम पालकांना कोणी समजावून सांगितला नाही, यात सापडेल. हे कोडे सोडविले त्यांच्या मुलीने. ती आमच्याकडे पाचवीपासून होती आणि तेव्हा बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. आधारला कोणते खाते जोडले आहे हे तिने मोबाइलवर तपासले, त्या जुन्या खात्याचे पासबुक कपाटाच्या तळातून काढले आणि वडिलांना घेऊन त्या बँकेत गेली. रक्कम तेथे सव्वा महिन्यापासून पडून होती.

तिने आम्हांला फोन करून हे सांगितले, तेव्हा प्रथम 'जयभीम सर' म्हणाली आणि मग म्हणाली, "त्या पुस्तकातला तिसरा धडा मला आज कळला." पुढील हंगामात वडील काट्यावर गेले, तेव्हा ती सोबत होती. गाडीचे रिकामे वजन तिने पट्टीवर येण्यापूर्वीच आपल्या वहीत लिहून घेतले होते.