चार इमलीचे प्रश्न आणि नगर निगमाची परिषद

महाराष्ट्रात ज्या संस्थेला महानगरपालिका म्हणतात तिला मध्य प्रदेशात नगर निगम म्हणतात आणि तिच्या नगरसेवकांना पार्षद. भोपाळच्या नगर निगमात ८५ वॉर्ड आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे १८ लाख होती, म्हणजे एका पार्षदाच्या वाट्याला तेव्हाच सरासरी २१ हजार लोक येत होते. एवढ्या लोकांच्या वतीने रस्ता, गटार, कचरा आणि झाडे यांविषयी बोलण्याची हक्काची जागा म्हणजे निगमाची परिषद. मात्र तिथे बोलले गेलेले अमलात आणण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे मंत्र्यांच्या व वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बंगल्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या चार इमलीसारख्या वस्तीत विशेष स्पष्टपणे दिसते.

निगमाचा कारभार १९५६ च्या मध्य प्रदेश नगरपालिक निगम अधिनियमानुसार चालतो. महाराष्ट्रात महापौराची निवड नगरसेवक करतात आणि सभेचे अध्यक्षस्थानही महापौराकडेच असते; भोपाळमध्ये मात्र २०२२ च्या निवडणुकीत मतदारांनी महापौर थेट निवडला, तर परिषदेचे कामकाज चालवणारा अध्यक्ष पार्षदांनी आपल्यातून निवडला. महापौर काही पार्षदांना घेऊन ‘मेयर-इन-कौन्सिल’ बनवतो, जी निगमाच्या मंत्रिमंडळासारखी असते, आणि प्रशासनाची सूत्रे राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्ताकडे राहतात. २०२० ते २०२२ या काळात निवडून आलेली परिषदच नव्हती आणि निगम प्रशासकाच्या हाती होता. त्या काळात नागरिकाचे गाऱ्हाणे सभागृहात मांडणारा कोणी उरला नव्हता, ही गोष्ट लोकशाहीच्या दृष्टीने किरकोळ नाही.

परिषदेच्या हाती असलेले एक महत्त्वाचे साधन म्हणजे उपविधी. अधिनियमाच्या चौकटीत राहून स्थानिक तपशील ठरवणाऱ्या नियमाला उपविधी म्हणतात. परिषदेने संमत केला तरी राज्य शासनाच्या मंजुरीवाचून तो लागू होत नाही. काही विषयांत तर केंद्राचे नियम आधीच हात बांधतात: भटक्या कुत्र्यांवरून सभागृहात कितीही खडाजंगी झाली, तरी निर्बीजीकरण केलेले कुत्रे सामान्यतः मूळ जागी सोडावे असे २०२३ चे केंद्रीय नियम सांगतात, आणि पार्षदांना ते बहुमताने बदलता येत नाहीत.

चार इमलीत याहून मोठी अडचण अखत्यारीची आहे. १९५६ मध्ये भोपाळ राजधानी झाल्यावर नव्या भोपाळच्या उभारणीसाठी राजधानी परियोजना प्रशासन नावाची वेगळी यंत्रणा निर्माण झाली आणि अनेक रस्ते व बागा पुढे तिच्याच ताब्यात राहिल्या. २०२२ मध्ये ती बंद करून तिचे रस्ते मुख्यतः सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आणि चार इमलीजवळच्या एकांत पार्कसारख्या बागा वन विभागाकडे सोपवण्यात आल्या, त्यामुळे एकाच वस्तीतला खड्डा एका कार्यालयाचा, बागेतले झाड दुसऱ्याचे आणि दारातला कचरा निगमाचा असा हिशेब झाला. बंगल्यांतले रहिवासी या विभागांशी थेट बोलू शकतात, पण त्यांची बदली झाली की बंगला दुसऱ्याकडे जातो. वर्षानुवर्षे त्या परिसरात काम करणाऱ्या माणसाला मात्र यांतले कोणते दार ठोठवावे हे सहज कळत नाही.

परिषदेच्या या मर्यादेचा खरा कस जून २०२४ मध्ये लागला. मंत्री आणि आमदार यांच्या निवासस्थानांसाठी शिवाजीनगर व तुळशीनगर या भोपाळमधल्याच जुन्या सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाचा प्रस्ताव पुढे आला आणि त्यात सुमारे २९ हजार झाडे जाणार असल्याचे कळताच रहिवासी रस्त्यावर उतरले. स्त्रियांनी झाडांना मिठ्या मारल्या, त्यांची पूजा केली. अखेर नगर विकास मंत्री कैलाश विजयवर्गीय यांनी प्रस्ताव मागे घेतल्याचे जाहीर केले. विजय रहिवाशांचा झाला, ही आनंदाची गोष्ट आहे, परंतु तो परिषदेच्या मतदानाने नव्हे, तर रस्त्यावरच्या दबावाने आणि मंत्र्याच्या निर्णयाने मिळाला.

राज्याच्या २००१ च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यानुसार झाड तोडण्याची परवानगी वृक्ष अधिकारी देतो, परिषद नव्हे. संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीने तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत वॉर्ड समित्या बंधनकारक केल्या आहेत. परवानगी देण्यापूर्वी मोठ्या वृक्षतोडीचा अर्ज अशा समितीपुढे ठेवला, तर तुळशीनगरातल्या स्त्रियांना जे झाडाला मिठी मारून सांगावे लागले, ते त्यांना कुऱ्हाड चालण्याच्या कितीतरी आधी सभेत बसून सांगता येईल.