मजूरखात्यातली वीज

१९ जून २०२४. दिल्ली उन्हाने होरपळत होती आणि दुपारी तीनच्या सुमारास शहराची विजेची मागणी ८,६५६ मेगावॉटवर जाऊन पोचली. तोवरचा तो उच्चांक. आता त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहा. १९४७ साली अख्ख्या देशाची वीजनिर्मितीची स्थापित क्षमता होती १,३६२ मेगावॉट. स्वतंत्र झालेल्या भारताजवळ होती त्याच्या सहापटीहून जास्त वीज एकट्या दिल्लीने एका दुपारी मागितली, आणि तिला ती मिळाली!

मिळाली कुठून? दिल्लीच्या हद्दीत एवढी वीज तयारच होत नाही. इंद्रप्रस्थचं जुनं औष्णिक केंद्र कधीच बंद झालं, बदरपूरचं २०१८ मध्ये प्रदूषणापायी थांबवलं. वीज येते ती हिमालयातल्या जलविद्युत केंद्रांतून, कोळसा खाणींच्या मुलखातून, राजस्थानच्या उन्हातून. यांतलं एखादं मोठं केंद्र आज ठरवलं आणि वर्षभरात उभं राहिलं, असं होत नाही. औष्णिक केंद्राला पाच-सात वर्षं सहज लागतात, धरणाला तर कधी कधी दशकं. त्या दुपारची तजवीज कुणी ना कुणी फार आधीपासून करत आलं होतं. हा धागा मागे मागे नेला की आपण दिल्लीतच पोचतो, पण १९४३ सालच्या.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि नव्या दिल्लीत २२, पृथ्वीराज रोड इथे राहू लागले. त्यांनी कामगारांसाठी केलेले कायदे आपल्याला ठाऊक असतात. पण पाटबंधारे आणि वीज हे विषयही तेव्हा मजूरखात्याकडेच होते, हे फारसं सांगितलं जात नाही. मला तर त्यांच्या कारकिर्दीचा हा भाग थक्क करणारा वाटतो.

ऑक्टोबर १९४३. महायुद्ध पेटलेलं, बंगालात दुष्काळाने माणसं मरताहेत. अशा वेळी दिल्लीत युद्धोत्तर पुनर्रचनेच्या एका समितीपुढे बाबासाहेब विजेवर बोलायला उभे राहिले. त्यांनी थेट मुळालाच हात घातला. वीज सरकारची असावी की खाजगी? कारभार केंद्राकडे असावा की प्रांतांकडे? प्रांतांकडे दिला, तर त्यांच्यावर सामाईक मंडळ हवं का? स्वस्त आणि मुबलक वीज कोणत्या रचनेतून मिळेल? आणि ही वीज हवी तरी कशासाठी? शेतीवर माणसांचा भार वाढतोच आहे, तो उद्योगांनी उचलल्याशिवाय गरिबीचा फेरा सुटणार नाही, आणि स्वस्त विजेशिवाय उद्योग उभे राहणार नाहीत, अशी त्यांची मांडणी होती. बहुतेक खेड्यांनी विजेचा दिवा पाहिलाही नव्हता, तेव्हाची ही गोष्ट.

त्याच वर्षी जुलैत दामोदर नदीने बरद्वानजवळ बांध फोडला. रेल्वे आणि ग्रँड ट्रंक रोड दोन्ही तुटले, कलकत्त्याचा उर्वरित देशाशी संपर्क खंडित झाला. एरवी अशा वेळी बांध डागडुजी करून उंच करायचा आणि पुढच्या पुराची वाट बघायची, हीच रीत. मजूरखात्याने नदी उगमापासून मुखापर्यंत एकच मानायचं ठरवलं. धरण बांधायचं तर त्यातून पूर आवरायचा, शेतीला पाणी द्यायचं आणि वीजही काढायची. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याच्या प्रकल्पातून डब्ल्यू. एल. वूर्डुइन या अभियंत्याला बोलावून आराखडा करून घेतला. जानेवारी १९४५ मध्ये कलकत्त्याला बंगाल आणि बिहारच्या प्रतिनिधींची बैठक झाली, तिला बाबासाहेब अध्यक्ष होते. त्यातून पुढे १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ जन्माला आलं.

सगळं सुरळीत पार पडलं, असं मात्र कुणी म्हणू नये. मूळ आराखड्यातली सगळी धरणं झाली नाहीत. महामंडळाने तिलैया, कोनार, मैथन, पंचेत अशी चार बांधली. खालच्या भागातले पूर पुरते थांबले नाहीत, आणि धरणांखाली हजारो कुटुंबांची घरं-शेतं गेली. या माणसांचा हिशेब आराखड्यात आधी मांडायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण धरणांहूनही टिकाऊ ठरल्या त्या संस्था. विजेच्या योजना आखून त्यांची सांगड घालायला १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ निघालं. नद्यांसाठी १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग आला, त्याचे पहिले अध्यक्ष अभियंते ए. एन. खोसला. पुढे नावं बदलली, विलीनीकरणं झाली, पुन्हा वाटण्या झाल्या. त्यांचे वारस म्हणजे आजचे केंद्रीय विद्युत प्राधिकरण आणि केंद्रीय जल आयोग. दोघांचा पत्ता एकच: सेवा भवन, रामकृष्णपुरम, नवी दिल्ली. २०२४ मधले एसी १९४४ मध्ये कुणाला दिसणार होते? पण मोजत राहणारं, अंदाज चुकला की नव्याने मांडणारं कार्यालय तेव्हाच थाटलं गेलं. आज तिथे पुढच्या दहा-वीस वर्षांत कोणत्या राज्याला किती वीज लागेल याचं गणित मांडतात. आणि दुसऱ्या टोकाला, दिल्लीचं भारप्रेषण केंद्र पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे करून एकेक दिवस सांभाळतं.

प्रांतांच्या विजेची सांगड घालायची ती जुनी कल्पना पुरी व्हायला जवळजवळ सत्तर वर्षं लागली. आणि ती पुरी झाली कुठे, तर आपल्या सोलापुरात! ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली, दक्षिणेचं जाळं बाकीच्या देशाशी जोडलं गेलं आणि सगळा भारत एकाच लयीत, ५० हर्ट्झवर, चालू लागला.

बाबासाहेबांची त्या काळातली भाषणं महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या दहाव्या खंडात आहेत, जरूर वाचा. आणखी एक. २००३ च्या वीज कायद्यानुसार प्राधिकरणाला दर पाच वर्षांनी राष्ट्रीय वीज आराखडा करावा लागतो, आणि त्याआधी मसुदा जाहीर करून जनतेच्या सूचना-हरकती मागवाव्या लागतात. पुढचा मसुदा निघेल तेव्हा आपलंही एक पत्र सेवा भवनात जाऊ द्या.