दमयंतीचा हंस कोणत्या पाण्यावर उतरला?

दमयंती ही आमच्या वऱ्हाडची लेक. महाभारताच्या वनपर्वात ती विदर्भाच्या भीमराजाची कन्या आहे आणि तिचं गाव कुंडिनपूर. अमरावती जिल्ह्यात तिवसा तालुक्यात वर्धेच्या काठी वसलेलं कौंडिण्यपूर म्हणजेच ते, अशी परंपरा आहे. लोकांना ते रुक्मिणीचं माहेर म्हणून अधिक ठाऊक; आषाढीला तिची पालखी इथूनच पंढरपूरला निघते. रघुनाथ पंडितांच्या आख्यानामुळे दमयंतीचा हंस मराठी कानांना परिचित झाला, पण डोळ्यांपुढे ती येते राजा रविवर्मा यांच्या चित्रातून. १८९९च्या त्या चित्रात ती सोनेरी काठाच्या तांबड्या साडीत, दगडी कठड्यापाशी उभी आहे. समोर पांढराशुभ्र हंस, खाली पाण्यात कमळं. त्याच्या छापील प्रती निघाल्या आणि घराघरांत भिंतींवर लागल्या.

हेच दृश्य आजच्या काळात, खऱ्या जागी, छायाचित्रासारखं संगणकावर उभं करायचं तर काय काय ठरवावं लागतं, ते गेल्या हिवाळ्यात मी करून पाहिलं. चित्रांची अशी पुनर्रचना नवी नाही. रविवर्मा यांच्या छापखान्यात काम केलेल्या दादासाहेब फाळके यांच्या पौराणिक चित्रपटांत या चित्रांचीच दुनिया हलू लागली. बंगळुरूच्या पुष्पमाला एन. यांनी क्लेअर आर्नी यांच्यासोबत २००० ते २००४ या काळात केलेल्या छायाचित्रमालेत रविवर्मा यांची चांदण्यातली स्त्री स्वतः साकारली. २०२०च्या एका दिनदर्शिकेसाठी चेन्नईचे छायाचित्रकार जी. वेंकट राम यांनी नट्यांना घेऊन ही चित्रं जशीच्या तशी उभी केली. या सर्वांनी मूळ चौकट कमीअधिक जपली. माझा प्रश्न चौकटीबाहेरचा होता: ही मुलगी खरोखर वर्धेच्या काठी उभी राहिली, तर चित्रातलं काय टिकेल?

पहिली अडचण उजेडाची. चित्रकाराला सूर्य एकच असण्याचं बंधन नसतं. रविवर्मा यांनी चेहरा उजळ ठेवला, मागची झाडी गडद केली आणि डोळ्यांना ते पटतं. ब्लेंडरसारख्या त्रिमिती प्रणालीत मात्र दिवा कुठेतरी ठेवावाच लागतो. तिथे अक्षांश, रेखांश, तारीख आणि वेळ दिली की सूर्य आपल्या जागी बसतो. कौंडिण्यपूर वर्धेच्या पश्चिम तीरावर आहे, म्हणजे पाणी पूर्वेला. संध्याकाळी नदीकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या मुलीचा चेहरा सावलीतच राहणार. कातरवेळेचा सगळा हळवेपणा सोडून दृश्य सकाळचं करावं लागलं. संक्रांतीच्या सुमारास सूर्य इथे ठीक पूर्वेला उगवत नाही, सुमारे २२ अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो. तिला तेवढं वळवल्यावर एक गाल उजळला, दुसऱ्यावर सावली राहिली.

मग दगड. चित्रातला कठडा फिकट आहे; असा दगड उजेड परतवतो आणि हनुवटीखालची सावली पुसतो. आपल्याकडचा दगड काळा. त्यासाठी मी अकोला जिल्ह्यातल्या बाळापूरला गेलो. तिथे नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांची म्हणून ओळखली जाणारी छत्री आहे. एका खांबाचे सर्व बाजूंनी, एकमेकांवर चढणारे शेकडो फोटो घेतले. दोन फोटोंमध्ये तोच ओरखडा किती सरकला यावरून संगणक खोली मोजतो आणि दगडाचा आकार, खडबडीतपणासकट, तयार होतो. (या कामात छत्रीपेक्षा तिथल्या बकऱ्यांचेच फोटो जास्त निघतात, हे जाता जाता.) काळ्या दगडाशेजारी दमयंतीचा चेहरा खालून काळवंडला. तिथे पाण्यावरून परतणारा उजेड मदतीला आला. नदी पूर्वेला असल्याचा हा दुसरा फायदा.

कापडाचंही तसंच. रविवर्मा यांच्या साड्यांवर चुण्यांच्या कडेने जी चमक धावते, ती रेशमाची. प्रत्येक पृष्ठभागाला खरखरीतपणाचा एक आकडा द्यावा लागतो. तो कमी तितकी चमक जास्त. सुती लुगड्याचा आकडा दिला की चमक विझते आणि चुणी फक्त सावलीतून कळते. मला हे जास्त आवडलं. राजकन्या गेली, पण अंगाखालचा भार दिसू लागला, एका पायावर जोर देऊन ऐकत उभी राहिलेली बाई दिसू लागली.

ज्याला सांगावं तो एकच सुचवायचा: हंसाऐवजी तिच्या हातात मोबाइल द्या, झालं आधुनिक! हे मला अजिबात मान्य नव्हतं. मोबाइल बघताना मान खाली जाते. या चित्राचा प्राण मान वर असण्यात आहे. ती बाहेरून आलेलं काही ऐकते आहे. नजर हातात कोंडली की नळाची गोष्ट उरतच नाही.

शब्दांवरून चित्र काढणारी यंत्रंही वापरून पाहिली. नुसत्या ठिपक्यांच्या गोंधळातून पायरीपायरीने ती चित्र काढतात, आणि काय काढायचं ते कोट्यवधी जुन्या चित्रांवरून शिकलेली असतात. ‘विदर्भातली सावळी मुलगी, सुती लुगडं, काळा दगड’ एवढं सांगूनही गोरी, दागिन्यांनी मढलेली, राजस्थानी झरोक्यातली राजकन्या समोर यायची. सव्वाशे वर्षांत घराघरांत, दुकानांत, दिनदर्शिकांवर गेलेली ती छापील दमयंतीच यंत्राच्या पोटातून परत येत होती, असं मला वाटतं. सावळा रंग मला हाताने, थर देत, भरावा लागला.

आणि हंस. चित्रातला पक्षी युरोपातल्या राजबागांतून ओळखीचा झालेला लांब मानेचा पांढरा हंस आहे. वऱ्हाडच्या पाण्यावर तो उतरत नाही. संस्कृत साहित्यातला आणि शिल्पातला हंस म्हणजे बहुधा रानहंसाच्या कुळातला पक्षी, असं डच विद्वान फोगेल यांनी १९६२च्या आपल्या ग्रंथात मांडलं. त्या कुळातला पट्टकदंब हिवाळ्यात हिमालय ओलांडून विदर्भातल्या जलाशयांवर येतो: राखी अंग, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, पिवळी चोच. दूरदेशीचा निरोप आणायला याच्याहून लायक पाखरू कोणतं? नाही तरी महाभारतातले हंस सोन्याने सजलेले आहेत, शुभ्रतेचा हट्ट नंतरचा. मी कठड्यावर पट्टकदंब बसवला.

अकोल्याच्या एका मित्राने पडद्यावरचं चित्र बराच वेळ पाहिलं. नदी ओळखली, दगड ओळखला, मुलगी तर आपल्याच गावची म्हणाला. मग बोट ठेवून विचारलं, ‘‘हे तं बदक हाय बाप्पा, हंस कुठी हाये?’’

पक्षी मी बदलला नाही. पण पट्टकदंब सावध झाला की मान ताठ उंच करतो. तेवढी त्याची मान वर घेतली, आणि दमयंतीची नजर दोन बोटं वर गेली.