ताप उतरला म्हणजे बरे झालो का?

मित्रहो, मागच्या व्याख्यानात आपण अनुमानाबद्दल बोललो. डोंगरावर धूर दिसतो, त्यावरून तिथे अग्नी आहे असे आपण ठरवतो. हे उदाहरण ऐकून ऐकून तुम्ही कंटाळला असाल, म्हणून आज आम्ही आमच्याच अंगावर बेतलेले एक उदाहरण घेणार आहोत. त्यात धूर नाही, ताप आहे. आणि त्यातली चूक जन्मभर न्यायदर्शन शिकवलेल्या माणसाची आहे, म्हणजे आमची.

२०११ साली आम्ही निवृत्त झालो. त्याच पावसाळ्यात गडचिरोलीकडे एका व्याख्यानाला गेलो, दोन रात्री मुक्काम केला. मच्छरदाणी सोबत नेली नव्हती. नागपूरला परतल्यावर पंधराएक दिवसांनी हुडहुडी भरून ताप आला. रक्त तपासलं, हिवताप निघाला. डॉक्टरांनी दोन तऱ्हेच्या गोळ्या लिहून दिल्या, एक तीन दिवसांसाठी आणि दुसरी चौदा दिवसांसाठी. चौथ्या दिवशी ताप गेला, भूक लागली, आम्ही पेपर वाचायला बसलो. दुसऱ्या गोळीने जरा मळमळायचं. पाच दिवस ती घेतली आणि मनाशी म्हटलं, आता ताप नाही, म्हणजे रोग नाही. मग गोळ्या कशासाठी? पट्टी टेबलाच्या खणात टाकली. नोव्हेंबरात आम्ही दोघे मुलाकडे इंग्लंडला गेलो.

जानेवारीत एका दुपारी तिथे पुन्हा तीच हुडहुडी. चार पांघरुणं घातली तरी दात वाजत होते. मग ताप, मग दरदरून घाम, आणि संध्याकाळी एकदम मोकळं. दुसऱ्या दिवशी काही नाही. घरात सगळ्यांनी थंडीच्या दिवसातला सर्दीताप म्हणून सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तेव्हा मुलाने इस्पितळात नेले. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारले, गेल्या वर्षभरात कुठे कुठे राहिला होतात? आम्ही म्हटलं, नागपूर. एवढंच. गोळ्या अर्धवट सोडल्या हे मुलासमोर सांगायची लाज वाटली. शेवटी आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, त्या खणातल्या गोळ्यांचं सांगा ना!" मग गडचिरोलीही बाहेर आली आणि गोळ्याही. रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली गेली आणि तासाभरात निदान झाले. पावसाळ्यातला तोच हिवताप होता.

घरी आल्यावर सात वर्षांच्या नातीने विचारले, "आबा, इथे तर डासच नाहीत. मग तुम्हाला डासाचा ताप कसा आला?" आजचं व्याख्यान हे खरं तर तिच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

हिवतापाचे परजीवी डासाच्या चाव्यातून शरीरात शिरले की आधी यकृतात जातात. तिथे वाढतात, मग रक्तात उतरून तांबड्या पेशींमध्ये शिरतात. त्या पेशी ठरावीक वेळाने एकदम फुटतात आणि तेव्हा थंडी वाजून ताप येतो. व्हायव्हॅक्स जातीच्या परजीवीत हे चक्र साधारण ४८ तासांचे असते. आपल्याकडे त्याला एकांतरा ताप म्हणतात, एक दिवस सोडून येणारा. आयुर्वेदात त्याचे नाव तृतीयक आहे, कारण आजचा दिवस पहिला धरला तर पुढचा ताप तिसऱ्या दिवशी येतो. मोजणी वेगळी, निरीक्षण एकच.

पण व्हायव्हॅक्सची एक खोड आहे. त्याचे सगळेच परजीवी रक्तात उतरत नाहीत. काही यकृतातच निजून राहतात, आठवडे, महिने, कधी वर्षभर किंवा त्याहूनही जास्त. शास्त्रज्ञांनी त्यांना दिलेले नाव झोप या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच आले आहे. त्या काळात ताप नाही, रक्त तपासलं तर काचेवर काही दिसत नाही. तीन दिवसांची क्लोरोक्विनची गोळी रक्तातले परजीवी मारते, यकृतात निजलेल्यांना ती काही करत नाही. त्यांच्यासाठी चौदा दिवसांची प्रायमाक्विन. म्हणजे ज्या गोळीने आम्हाला बरं वाटलं ती आम्ही पूर्ण घेतली, आणि ज्या गोळीने बरं व्हायचं होतं ती खणात टाकली. नातीला आम्ही सांगितलं, बाळा, डास इथला नव्हता. तो पावसाळ्यातच चावून गेला होता. त्याने दिलेलं सामान आबा पोटात घेऊन विमानात बसले.

आता न्यायाकडे या. "ताप नाही, म्हणून रोग नाही" या अनुमानामागे कोणती व्याप्ती आम्ही गृहीत धरली होती? जिथे जिथे रोग, तिथे तिथे ताप. ही व्याप्ती खोटी आहे. नैयायिकांनी याला साजेसं उदाहरण फार पूर्वीच देऊन ठेवलं आहे. जिथे धूर तिथे अग्नी हे खरं, पण जिथे अग्नी तिथे धूर हे खरं नाही. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा बघा. त्यात अग्नी आहे, धूर नाही. हा गोळा आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर काढत आलो. आमच्या यकृतात तोच होता, तेव्हा ओळखता आला नाही.

हे एका हिवतापापुरतं असतं तर आम्ही तुमचा वेळ घेतला नसता. डासांमुळे होणाऱ्या दुसऱ्या दोन रोगांतही "ताप उतरला" याचा अर्थ वेगवेगळा होतो.

डेंग्यूत तर तो उलटाच होऊ शकतो. ताप साधारण दोन ते सात दिवस राहतो, आणि काही रुग्णांत खरा धोका तो उतरताना सुरू होतो. रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपू लागतो, रक्तदाब खाली येतो. पुढचे २४ ते ४८ तास जपायचे असतात. पोटात जोराचे दुखणे, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, फार ग्लानी किंवा बेचैनी, यातलं काहीही दिसलं तर ताप नसला तरी इस्पितळ गाठायचं. डेंग्यूची शंका असताना तापाला पॅरासिटामॉलच. अ‍ॅस्पिरीन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

चिकुनगुन्यात ताप जातो, विषाणूही जातो, पण सांधे परत मिळत नाहीत. काहींना आठवडे, काहींना महिने, काहींना वर्षे. हा रोग १९५२-५३ मध्ये टांझानियात, तेव्हाच्या टांगानिकात, प्रथम ओळखला गेला आणि तिथल्या माकोंडे भाषेतून त्याला नाव मिळाले. अर्थ, जे वाकवून टाकते ते. नागपूरला २००६ ची साथ आठवते, पण त्याच्याही आधी १९६५ मध्ये या शहरात तापाची मोठी साथ आली होती. आम्ही तेव्हा शाळकरी. आमची आई भिंत धरून स्वयंपाकघरात जायची, एवढं डोळ्यांसमोर आहे. पुढे पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राच्या अभ्यासातून कळलं की ती चिकुनगुन्याची साथ होती. ताप गेल्यावर घरातले सगळे तिला म्हणायचे, आता तर बरी झालीस ना! ती काही बोलायची नाही. आज वाटतं, तिच्यावर अन्याय झाला. ताप मोजता येतो, दुखणं सांगावं लागतं, आणि सांगितलं तर कुणी तरी खरं मानावं लागतं. शब्द हेही प्रमाण आहे ते यासाठीच.

परदेशात हा शब्द आणखी महत्त्वाचा होतो. इथे पावसाळ्यात ताप आला की कोपऱ्यावरचा डॉक्टरही हिवताप, डेंग्यू मनात धरूनच चालतो. तिथल्या डॉक्टरसमोर ते येत नाही, तुम्ही आणावं लागतं. गंमत म्हणजे केंट आणि एसेक्सच्या दलदलींत एके काळी हिवताप घरचाच होता. आता तो तिथे बाहेरून येतो. तेव्हा परदेशी असताना ताप आला तर न विचारता सांगा: कोणत्या गावी, कोणत्या महिन्यात राहिलो, आधी ताप कधी आला, कोणती गोळी किती दिवस घेतली. जुनी चिठ्ठी सोबत ठेवा. आणि अर्धवट सोडलेलं काही असेल तर तेही सांगा, मुलगा शेजारी उभा असला तरी.

त्या डॉक्टरने प्रायमाक्विन देण्याआधी जी-सिक्स-पी-डी नावाची रक्ततपासणी केली. हे विकर काहींच्या रक्तात जन्मतः कमी असतं आणि त्यांना ही गोळी बाधते. आमचं ठीक निघालं. या वेळी चौदाही दिवस सूनबाई समोर उभ्या राहून गोळी देत. महिनाभर जिना चढताना मध्ये थांबावे लागे. मऊ भात, वरण आणि लिंबाचं लोणचं, एवढंच गोड लागे. लेकाच्या घरी आपण पाहुणे म्हणून आलो आणि ओझं झालो, ही टोचणी अशक्तपणापेक्षा जड होती. ती गोळीने जात नाही. एकदा मुलाजवळ मोकळेपणाने बोललो, तेव्हा कमी झाली.

आता एक शेवटचा मुद्दा. अर्धवट बरा झालेला माणूस नागपुरात असता तर त्याच्या रक्तातून डासाने परजीवी उचलून शेजाऱ्याच्या घरी नेले असते. म्हणजे त्या नऊ दिवसांच्या गोळ्या आमच्या एकट्याच्या नव्हत्या.

मार्चमध्ये घरी परतलो, खण उघडला, पट्टी तिथेच होती. कूलर काढायचे दिवस आले होते. डेंग्यू-चिकुनगुन्याचा एडिस डास पाण्याच्या काठाला, टाकीच्या भिंतीवर अंडी घालतो, आणि ती कोरडी पडली तरी महिनोन्महिने तग धरतात. पुन्हा पाणी भरलं की फुटतात. गेल्या वर्षीची टाकी कोरडी आहे, म्हणजे तीत डास नाही, हे आमचंच जुनं अनुमान झालं. आम्ही त्या दिवशी काथ्या घेऊन टाकीच्या भिंती आतून रगडून घासल्या. दर मार्चमध्ये घासतो, आणि कूलर चालू असेपर्यंत आठवड्यातून एकदा पाणी पूर्ण काढून पुन्हा घासतो. तुमच्या कूलरचं काय, ते घरी जाऊन बघा. आता प्रश्न असतील तर विचारा.