हुलग्याचं कढण आणि सुपाबद्दलचे काही गैरसमज

थंडीत अंबड-घनसावंगीकडच्या घरांत हुलग्याच्या शेंगोळ्यांचं पातेलं चढलं की लसणाचा वास गल्लीभर जातो. मग एक वाटी शेजारी, एक डबा लेकीकडे. तरी कुणी विचारलं, "तुमच्याकडे हिवाळ्यात सूप करतात का?" तर उत्तर ठरलेलं असतं: "छे, ते हॉटेलातलं."

इथूनच सुरुवात करू. शेंगोळे, हुलग्याचं कढण, गूळ-सुंठ घातलेलं माडगं, येसर लावून दाट केलेली आमटी ही सगळी सुपंच आहेत. शब्दही परका नाही. संस्कृतात डाळीच्या शिजवलेल्या पातळ पदार्थाला सूपच म्हणत आणि रांधणाऱ्याला सूपकार. इंग्रजी शब्द फ्रेंचमधून आला. आपलं पाखडायचं सूप मात्र वेगळं, ते 'शूर्प'वरून आलेलं.

सूप दाट व्हायला मक्याचं पांढरं पीठच लागतं, हाही समज तसाच. कुठल्याही पिठातला स्टार्च तापलेल्या पाण्यात फुगतो आणि रस्सा दाटतो. ज्वारीचं किंवा हुलग्याचं पीठ आधी गार पाण्यात कालवून घेतलं की गुठळ्या होत नाहीत. येसर तर भाजलेली धान्यं, डाळी आणि मसाले यांचंच दळण. त्यामुळे दाटपणाबरोबर चवही येते.

हुलगा म्हणजे जनावरांचं खाणं, असं म्हणून अनेक घरांनी तो सोडून दिला याचं मला फार वाईट वाटतं. बैल-घोड्यांना तो घालत, हे खरं. पण १०० ग्रॅम हुलग्यात सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे तुरीच्या डाळीइतकीच. उलट कढणाने मुतखडा विरघळतो, हे सांगण्याइतका भक्कम पुरावा नाही. पाणी भरपूर पोटात गेलं तर नवे खडे होण्याची शक्यता कमी होते, इतकं नक्की. खड्याचं दुखणं असेल तर डॉक्टरांना दाखवावं, आणि मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर हुलगा किती खायचा हेही त्यांनाच विचारावं.

आता सगळ्यांत महत्त्वाचा गैरसमज, कारण त्याची किंमत लेकरं मोजतात. "सगळी ताकद वरच्या पाण्यात उतरते, म्हणून बाळाला वरणाचं पाणी द्यावं." शिजताना काही ब जीवनसत्त्वं आणि क्षार पाण्यात उतरतात हे खरं, म्हणून येळवणी फेकू नयेच. पण प्रथिनं आणि पोट भरणारा ऐवज बहुतांश दाण्यातच राहतो. सात किलोच्या बाळाचं पोट एका वेळी साधारण २०० मिलीनेच भरतं. ते निवळीने भरलं, तर खऱ्या अन्नाला जागा कुठे? सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध. त्यानंतर त्याच्यासोबत मऊ घोटलेला वरण-भात किंवा खिचडी, चमच्यावरून ओघळणार नाही इतकी दाट. घरच्या पातेल्यातलंच द्यायचं तर तिखट-मीठ पडण्याआधी काढून घ्यावं. आजारातून उठलेल्या म्हाताऱ्या माणसालाही निवळीपेक्षा घोटलेलं कढण बरं.

हाडांच्या रश्श्यातून खूप कॅल्शियम मिळतं, असं म्हणतात. ते फार थोडं उतरतं. न सोललेले तीळ त्याहून कितीतरी पुढे. गरम सुपाने सर्दीचा विषाणूही मरत नाही. १९७८ साली अमेरिकेत मायामीला झालेल्या एका छोट्या अभ्यासात गरम चिकन सुपाने नाकातला शेंबूड लवकर सरकू लागला, पण अर्ध्या तासात तो परिणाम ओसरला. तेवढ्या आरामासाठी जरूर प्यावं.

आणि वाटून खाणाऱ्यांनी हे नीट ऐकावं. "थंडी आहे, रात्रभर ओट्यावर राहिलं तरी काही होत नाही." पहाटे बाहेर पारा १०-१२ अंशांवर असला, तरी बंद स्वयंपाकघर तेवढं गार नसतं. जंतू ५ ते ६० अंशांच्या दरम्यान वाढतात, आणि मोठं दाट पातेलं त्या टप्प्यात तासन् तास रेंगाळतं. काही जंतूंचे बीजाणू उकळीतूनही वाचतात आणि रस्सा कोमट झाला की वाढू लागतात. "सकाळी एक उकळी दिली की झालं" हेही पूर्ण खरं नाही. काही जंतूंनी सोडलेलं विष उकळूनही नष्ट होत नाही. म्हणून उरलेलं लहान, पसरट भांड्यांत काढावं, परातीतल्या गार पाण्यात ठेवून हलवावं आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावं. फ्रिज नसेल तर त्याच रात्री वाटून संपवावं.

शेजारचा वाटा तर पातेलं चुलीवरून उतरतानाच काढावा. डब्यात रस्सा जरा जास्त घाला. शेंगोळे तो पीत राहतात, आणि वाटेत तासभर गेला तर खालच्या वाटीत नुसता गोळा उरतो.