तव्यावरचा बांगडा

सांजवेळी कोकणातील घरी बांगडा आला, की जेवणाला फारसा विलंब लागत नाही. मात्र तो ताजाच हवा. हा मासा फार लवकर नासतो. लालभडक कल्ले व टणक अंग या ताजेपणाच्या खुणा होत. साफ केलेल्या माशाला तिरप्या चिरा देऊन मीठ, हळद, तिखट व कोकमाचे आगळ चोळतात. आगळाच्या आंबटपणाने उग्र वास मंदावतो. पाव तासाने तो तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावरील तापलेल्या तेलात ठेवतात. उतावळेपणा नडतो तो येथेच! खालची बाजू खरपूस होण्यापूर्वी उलथणे घातले, तर कातडी तव्यालाच चिकटून राहते. पुरती भाजली, म्हणजे ती आपण होऊन सुटते. दुसऱ्या बाजूला मग चार-पाच मिनिटे पुरतात.