झिजलेली तार, विझलेला दिवा : मोटारसायकलच्या वायरिंगची निगा कशी राखावी?

नवी दिल्ली : हँडल वळवताच पुढचा दिवा क्षणभर विझणे, खड्ड्यातून जाताना हॉर्न आपोआप वाजणे किंवा चालती गाडी कारण नसताना बंद पडणे, अशा तक्रारी आल्या की बहुतेक जण बॅटरी किंवा बल्ब बदलतात. दोष पुष्कळदा तिथे नसतोच. टाकीखालून आणि सीटखालून गेलेल्या तारांच्या जुडीत एखाद्या तारेचे आवरण घासून उघडे पडलेले असते. अशी तार रात्रीच्या रस्त्यावर दिवा विझवू शकते आणि घराखाली उभ्या असलेल्या गाडीत आगही लावू शकते. पावसाळ्यापूर्वी अर्धा तास काढून केलेली तपासणी हा धोका बऱ्याच अंशी टाळू शकते.

वायरिंगवरचा भार वाढला

कार्ब्युरेटरच्या काळातील अनेक छोट्या मोटारसायकलींत प्रज्वलन आणि पुढचा दिवा यांना वीज थेट इंजिनशी जोडलेल्या मॅग्नेटोतून मिळत असे. बॅटरी उतरली तरी किक मारून गाडी सुरू होई. गेल्या काही वर्षांत हे चित्र बदलले. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू असेपर्यंत सतत पेटता राहणे बंधनकारक झाले. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस ब्रेक सक्तीचे झाले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली आणि बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटरची जागा इंधन इंजेक्शनने घेतली.

परिणामी, पेट्रोलचा पंप, इंजिनचे नियंत्रण करणारा संगणक, अनेक सेन्सर आणि ब्रेक हे सारे तारांवर अवलंबून आहेत. पूर्वी तार तुटली की एखादा दिवा जाई. आता त्याच कारणाने इंजिन बंद पडू शकते.

तार झिजते कशी?

मोटारसायकलच्या वायरिंगचे पाच शत्रू सांगता येतात : घर्षण, वाक, उष्णता, ओलावा आणि उंदीर.

घर्षण सर्वांत सामान्य. इंजिनच्या कंपनांमुळे सैल तार फ्रेमच्या कडेवर किंवा एखाद्या बोल्टच्या डोक्यावर सतत घासत राहते. आवरण थोडेथोडे झिजते आणि अखेर आतील तांबे फ्रेमला टेकते. गाडीची फ्रेम बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेली असल्यामुळे हा स्पर्श म्हणजेच शॉर्टसर्किट.

वाकाचा त्रास प्रामुख्याने हँडलच्या मुळाशी होतो. इग्निशन, दिवे, हॉर्न आणि इंडिकेटर यांच्या तारा इथून जातात आणि हँडल वळेल तितक्या वेळा त्या वाकतात. आतील तांब्याचे बारीक तंतू एकेक करून तुटतात. बाहेरचे आवरण मात्र शाबूत दिसते. उंच हँडल बसवून मूळ तारा तशाच ताणून ठेवल्या, तर ही झीज लवकर होते.

सायलेन्सर आणि सिलिंडरजवळून गेलेल्या तारांचे प्लास्टिक उष्णतेने कडक होऊन तडकते. पाणी कनेक्टरमध्ये शिरले की तांब्यावर हिरवट गंज चढतो. कोकण, गोवा किंवा चेन्नईसारख्या किनारी भागांतील खारट हवेत ही प्रक्रिया अधिक वेगाने होते. बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत उंदीर घर करतात आणि तारा कुरतडतात.

गंजलेला जोड गरम का होतो?

यामागील हिशेब सोपा आहे. १२ व्होल्टच्या गाडीत ६० वॅटचा बल्ब सुमारे ५ अँपिअर प्रवाह घेतो. गंजलेल्या जोडाचा रोध केवळ ०.२ ओहम असला, तरी ५ अँपिअरच्या प्रवाहाला तिथे १ व्होल्टचा दाब गमवावा लागतो आणि त्या टिचभर जोडात ५ वॅट उष्णता निर्माण होते. दिवा मंद होतो, कनेक्टरचे प्लास्टिक पिवळे पडून वितळू लागते आणि जोड आणखी सैल होतो. सैल जोड अधिक तापतो, असे हे चक्र चालू राहते. कनेक्टरचा बदललेला रंग हा म्हणूनच पहिला इशारा मानावा.

फ्यूज उडतो, तो तार वाचवण्यासाठी

फ्यूज उपकरणासाठी असतो, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात त्याचे पहिले काम तारेचे रक्षण हे आहे. प्रमाणाबाहेर प्रवाह वाहू लागला की तार तापण्यापूर्वी फ्यूज वितळतो. १० अँपिअरच्या जागी ३० अँपिअरचा फ्यूज बसवला किंवा त्या जागी चंदेरी कागद अथवा तारेचा तुकडा गुंडाळला, तर वितळण्याची पाळी तारेवर येते आणि एक तार वितळताना जुडीतील शेजारच्या तारांचेही आवरण जाळते. पात्याच्या फ्यूजमध्ये लाल रंग १०, निळा १५ आणि पिवळा २० अँपिअरचा असतो. मूळ रंगाचाच फ्यूज बसवावा.

फ्यूज वारंवार उडत असेल, तर तो केव्हा उडतो हे टिपून ठेवावे. हँडल वळवताना उडाला तर दोष हँडलच्या मुळाशी, ब्रेक दाबताना उडाला तर ब्रेकच्या दिव्याच्या मार्गात आणि खड्ड्यात उडाला तर सीटखालच्या किंवा मागच्या मडगार्डच्या तारांत असण्याची शक्यता अधिक. एवढी माहिती दिली तर मेकॅनिकचा शोधण्याचा वेळही वाचतो.

तपासणी घरच्या घरी

गाडी सुरू करून हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. दिवा लुकलुकला किंवा इंजिनचा आवाज बदलला, तर तिथल्या तारा तपासून घ्याव्यात. हँडल पूर्ण वळवल्यावरही तारांत थोडी ढील उरायला हवी.

यानंतर गाडी बंद करून सीट काढावी. तारांवर चकाकणारे घासलेले पट्टे, हिरवट पूड, जळका वास किंवा उंदराच्या लेंड्या आढळतात का, ते पाहावे. जिथे तार पत्र्याच्या भोकातून जाते, तिथली रबरी कडी जागेवर आहे याची खात्री करावी. ती गळून पडली की पत्र्याची धार तारेला कापते.

मल्टिमीटर असल्यास बॅटरीचा दाबही मोजता येतो. भरलेली १२ व्होल्टची बॅटरी गाडी बंद असताना साधारण १२.४ ते १२.८ व्होल्ट दाखवते आणि इंजिनचा वेग थोडा वाढवल्यावर हा आकडा १३.५ ते १४.५ च्या दरम्यान जातो. संगणक आणि एबीएसच्या तारांना मात्र सुई टोचून पाहू नये. ते काम अधिकृत सेवा केंद्राचे आहे.

दुरुस्तीची रीत

कामाला हात लावण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक आधी सोडवावे आणि काम संपल्यावर ते सर्वांत शेवटी जोडावे. उलट क्रमाने काम केले, तर पाना फ्रेमला टेकून ठिणगी पडू शकते.

आवरण नुकतेच घासले असेल, तर तारेवर नळीसारखी स्लीव्ह चढवून तिचा मार्ग बदलावा. मार्ग न बदलता केवळ टेप गुंडाळल्यास काही महिन्यांत टेपही झिजते. शिवाय साध्या काळ्या टेपचा डिंक उन्हाळ्यात वितळतो. तंतू तुटले असतील, तर खराब भाग कापून त्याच जाडीची तार जोडावी, जोड क्रिंप किंवा सोल्डर करावा आणि वर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. नुसते पीळ देऊन केलेले जोड कंपनांत टिकत नाहीत. प्लास्टिकच्या पट्ट्याही करकचून आवळू नयेत. हँडलजवळ तर तारांना हलायला जागा हवीच.

जादा दिवे, जादा जोखीम

अनेक गाड्यांत मूळ वायरिंग बिघडते ते नंतर बसवलेल्या दिव्यांमुळे आणि मोबाइल चार्जरमुळे. ४० वॅटचे दोन जादा दिवे जवळपास ७ अँपिअर प्रवाह घेतात. मूळ दिव्याच्या तारेला फाटा देऊन त्यांची जोडणी केली, तर त्या तारेवर दुपटीहून अधिक भार पडतो. अशा दिव्यांसाठी बॅटरीपासून स्वतंत्र तार आणि रिले हवा. या तारेचा फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ असावा, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधील तारेला कोणतेही संरक्षण नसते. मूळ वायरिंग कापल्यास वॉरंटीला बाधा येऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे.

गाडी धुताना जोरदार फवारा स्विच, कनेक्टर आणि सीटखालच्या भागावर थेट मारू नये. कनेक्टरपाशी तार किंचित खाली झुकलेली ठेवली, तर पाणी जोडात न शिरता खालच्या खाली ठिबकून जाते.

ऑइल बदलण्याची तारीख बहुतेक चालक लक्षात ठेवतात. त्याच दिवशी सीट उचलून तारांवर एक नजर टाकण्याला वेगळा खर्च नाही. अर्धवट जळालेली संपूर्ण जुडी बदलण्याचा खर्च मात्र काही हजारांत जातो.